एक यादी भाग, एक खर्चवही : निवडणूक सुधारणेचं काम गल्लीपासून सुरू करताना

आमची पहिली बैठक तीन तास चालली आणि तिच्यातून काहीही निघालं नाही. अकरा जण होतो. मतदान यंत्रं, काळा पैसा, घराणेशाही, पक्षांतर, सगळ्यावर बोलून झालं. चपला घालता घालता एका निवृत्त तलाठीकाकांनी विचारलं, "आपल्या बूथच्या यादीत नावं किती आहेत, ठाऊक आहे का कुणाला?" कुणालाच नव्हतं. पुढच्या रविवारी काका यादीची छापील प्रत आणि लाल-निळी पेन्सिल घेऊन आले, तेव्हा कुठे काम सुरू झालं.

मतदार यादी आणि निवडणुकीतला पैसा या दोन गोष्टींवर आपल्या भागात काही करायची इच्छा आहे, पण धागा कुठून धरायचा ते कळत नाही, अशांसाठी हे लिहितोय. माझा आग्रह एवढाच की 'कायदा बदला' ही मागणी सगळ्यात शेवटी करायची. त्याआधी एक यादी भाग, म्हणजे एका मतदान केंद्राची मतदार यादी, आणि एका उमेदवाराची खर्चवही या दोन कागदांवर पकड आणायची. 'निवडणुकीत पैशांचा पूर येतो' म्हटलं की कार्यालयात सगळे मान डोलावतात आणि चहा पाजून परत पाठवतात. 'अमुक तारखेच्या सभेत सहाशे खुर्च्या होत्या, हिशेबात दोनशे लावल्यात' म्हटलं की साहेब खुर्चीत सरळ होऊन बसतात.

पायरी 1 : दार कुणाचं ठोठवायचं

नवख्यांची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते. निवडणूक आयोग दोन आहेत. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे, राज्यघटनेच्या कलम 324 प्रमाणे. ग्रामपंचायत ते महापालिका हा सगळा कारभार राज्य निवडणूक आयोगाकडे. हा आयोग 73व्या आणि 74व्या घटनादुरुस्तीतून आला आणि महाराष्ट्रात 1994 पासून काम करतो. दोघांचे नियम वेगळे, खर्चमर्यादा वेगळ्या, तक्रारीचे पत्ते वेगळे.

गंमत अशी की मतदार यादी मात्र मुळात एकच. स्थानिक निवडणुकीला विधानसभेचीच यादी घेतात आणि ती प्रभागांत तोडतात. त्यामुळे प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकत मागवली की लोक नवीन नाव घालायला धावतात आणि हात हलवत परत येतात. नवं नाव विधानसभेच्या यादीतच घालावं लागतं. प्रभाग यादीवरची हरकत असते ती वेगळ्या गोष्टीची: विधानसभेच्या यादीत नाव आहे, पण पाच नंबरच्या प्रभागातली अख्खी चाळ सहामध्ये गेली आहे, अशा प्रकारांसाठी.

विधानसभेच्या कामात तुमचा संबंध तीन पातळ्यांवर येईल. खाली बीएलओ, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकारी. बहुतेक वेळा शाळेतले गुरुजी, बाई किंवा अंगणवाडी सेविका. मध्ये मतदार नोंदणी अधिकारी, साधारणपणे प्रांत दर्जाचे, आणि त्यांच्या मदतीला तहसीलदार. वर जिल्हाधिकारी, जे जिल्हा निवडणूक अधिकारीही असतात. या तिघांची नावं आणि कार्यालयं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पायरी 2 : माणसं किती, पैसा कुणाचा

पाच-सहा माणसं पुष्कळ झाली. त्यांत एकाचं अक्षर चांगलं हवं, एकाला दिवसा कार्यालयात खेटे घालायला सवड हवी आणि एखादी मावशी अशी हवी जिला वॉर्डातली घरं तोंडपाठ आहेत. वकील असला तर उत्तम, नसला तर अडत नाही.

पक्षाच्या कार्यकर्त्याला घ्यावं का, हा वाद प्रत्येक गटात होतो. माझं मत असं : यादी वाचायला खुशाल येऊ द्या, गटाच्या नावाने सही मात्र करू देऊ नका. आमच्याकडे दोन विरोधी पक्षांचे दोन काका होते. दोघांनी एकमेकांवर असा काही पहारा ठेवला की वेगळी आचारसंहिता लिहायची वेळच आली नाही.

पहिल्या वर्षी संस्था नोंदवण्याच्या फंदात पडू नका. त्यात सहा महिने जातात आणि अध्यक्ष कोण यावरून गट फुटतो. झेरॉक्स आणि प्रवास एवढाच खर्च असतो, तो वर्गणीतून भागतो. वर्गणीची वही प्रत्येक बैठकीत मध्यभागी उघडी ठेवायची. इच्छुक उमेदवार 'पत्रकं मी छापून देतो' म्हणून येतो, आणि ते अगदी सहज बोलतो. त्याला तितक्याच सहज नाही म्हणायचं. 'तुमच्यामागे कोण आहे?' हा प्रश्न कधी ना कधी येतोच. तेव्हा भाषण न देता वही पुढे सरकवायची.

कायद्याच्या दोन गोष्टी मात्र सुरुवातीलाच माहीत हव्यात. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारासाठी खर्च करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 खाली गुन्हा आहे. म्हणून 'चांगल्या उमेदवाराला पाठिंबा' असला उद्योग गटाने करायचा नाही. दुसरं, 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127अ सांगतं की निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपलं पत्रक मतदार नोंदणीचं असलं तरी ती ओळ छापा. इतरांच्या पत्रकांवर ती ओळ शोधायची सवय आपोआप लागते. सर्वांत घाणेरडी पत्रकं नेमकी त्या ओळीविना निघतात.

पायरी 3 : यादीचं वाचन

तुमच्या मतदान केंद्राचा यादी भाग आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. प्रत्येक भागाला क्रमांक असतो, त्यात हजार-बाराशे नावं असतात. प्रत चित्ररूपात येते, म्हणजे संगणकाला नाव शोधायला सांगितलं तर तो हात वर करतो. शोधता येईल अशी यादी मिळावी म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. 2018 मध्ये ती मागणी फेटाळली गेली. तेव्हा डोळे आणि पेन्सिल हीच साधनं. पेन वापरू नका. पहिल्या वाचनातल्या निम्म्या खुणा नंतर पुसाव्या लागतात.

वाचायची जागा उघड्यावरची निवडा: देवळाचा सभामंडप, वाचनालयाचा ओटा, सोसायटीचा जिना. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आमच्या पहिल्या वाचनाला सोळा जण जमले. घर क्रमांकाशी एका कुटुंबाची नावं आली तशी मावशी म्हणाल्या, "थांब रे. ह्यातले थोरले गेले त्याला सहा वर्षं झाली. धाकटा पुण्याला. आणि ही मुलगी लग्न होऊन पलीकडच्याच आळीत आलीय, तिथेही नाव असेल बघ तिचं." पान उलटून पाहिलं, तर होतं: इथे वडिलांच्या नावाने, तिथे नवऱ्याच्या. एका घरात मयत, स्थलांतरित आणि दुबार असे तिन्ही नमुने सापडले.

खुणांची पद्धत ठरवून घ्या. आम्ही म लिहितो मयतासाठी, स्थ स्थलांतरितासाठी, दु दुबारसाठी आणि प्रश्नचिन्ह जिथे कुणालाच काही सांगता येत नाही तिथे. आणखी एक यादी मात्र वेगळ्या कागदावर करायची, ती म्हणजे जे इथे राहतात पण यादीत नाहीत त्यांची. उत्साही मंडळी बोगस नावं शोधण्यात एवढी रमतात की हा वेगळा कागद कोराच राहतो. माझ्या हिशेबाने तो सगळ्यात महत्त्वाचा. मयताचं नाव यादीत राहिलं तर गैरवापराची शक्यता असते. जिवंत माणसाचं नाव गेलं तर नुकसान नक्कीच होतं.

दुबार नावांबाबत घाई नडते. पाटील-शिंदे आडनावांच्या गावात एकाच नावाची तीन माणसं सहज निघतात. वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, घर क्रमांक आणि ओळखपत्राचा क्रमांक हे चारही ताडून पाहिल्याशिवाय दु लिहू नका.

स्थलांतरितांबाबत तर दहा वेळा विचार करा. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब सहा महिने घराला कुलूप लावून जातं. पडताळणी नेमकी तेव्हा आली की 'घर बंद' असा शेरा पडतो आणि त्या शेऱ्याचं पुढे 'स्थलांतरित' होतं. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 20 स्पष्ट सांगतं की तात्पुरत्या गैरहजेरीमुळे कुणी त्या जागेचा सर्वसाधारण रहिवासी असणं थांबत नाही. हे कलम छापून जवळ ठेवा. पालावर, पुलाखाली राहणाऱ्यांचंही तसंच. पत्त्याचा कागद नाही म्हणून नाव नाकारायचं नसतं. बीएलओने रात्री प्रत्यक्ष जाऊन तो माणूस तिथे झोपतो का हे पाहायचं असतं.

पायरी 4 : फॉर्म भरणं, आणि बीएलओ बाईंशी वागणं

नवीन नावासाठी सहा नंबरचा फॉर्म, वगळणीसाठी सात, दुरुस्ती आणि पत्ता बदलण्यासाठी आठ. 2022 पासून वयाच्या पात्रतेच्या तारखा चार झाल्या आहेत : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, म्हणून कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या वर्गावर गेलात तर तासाभरात चाळीस अर्ज होतात. निवडणूक जाहीर झाल्यावर धावणाऱ्यांना एक सांगून ठेवा: उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत बदल होत नाही, आणि अर्जाच्या चौकशीला लागणारे दिवस त्याच्या आधी मोजायचे असतात.

सात नंबरचा गठ्ठा करून देऊ नका. गठ्ठ्याने आलेले वगळणीचे अर्ज घेऊ नयेत असेच आदेश आहेत, आणि ते योग्यच आहेत. खोटं निवेदन केलं तर 1950 च्या कायद्याच्या कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि सही तुमची असते. मयताच्या बाबतीत घरच्यांकडूनच अर्ज करून घ्यावा. सून म्हणते, "दादा, नाव काढलं की आणखी काही बंद तर होणार नाही ना?" तिला बसून समजावून सांगावं लागतं.

त्यापेक्षा उपयोगाचं काम म्हणजे इतर कुणी कुणाची नावं वगळायला अर्ज केलेत यावर लक्ष ठेवणं. आलेल्या अर्जांच्या याद्या कार्यालयाने प्रसिद्ध करायच्या असतात. नऊ नंबरची यादी नव्या नावांची, दहा नंबरची हरकतींची. दहा नंबरची यादी नियमित पाहा. एकाच वस्तीतली पंधरा नावं एका आठवड्यात आली असतील, तर त्याच संध्याकाळी त्या वस्तीत जाऊन प्रत्येकाला सांगा. सुनावणीची संधी देणं कायद्याने बंधनकारक आहे. पण नोटीस आलेलीच कळली नाही तर त्या संधीचा काय उपयोग? निर्णय विरोधात गेला तर पहिलं अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे, दुसरं मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

वगळलेल्या नावांसोबत कारण मागायला लाजू नका. बिहारमधल्या मतदार यादीच्या पुनरीक्षणात, म्हणजे फेरतपासणीत, सुमारे 65 लाख नावं प्रारूप यादीत नव्हती, आणि ती कारणांसह जाहीर करा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 14 ऑगस्ट 2025 रोजी दिला. तेव्हापासून 'कारण सांगता येत नाही' हे उत्तर मी ऐकून घेत नाही.

बीएलओशी भांडण करणारा गट फार दिवस टिकत नाही. त्या बाई सकाळी शाळा, दुपारी सर्वेक्षण, संध्याकाळी यादी अशा तिहेरी पाळीत असतात. "मॅडम, तुमच्या भागातली ही बावीस घरं आम्ही पाहून आलोय, माणसं रविवारी सकाळी भेटतील" असा कागद हातात ठेवला तर पुढच्या वेळी त्या स्वतःहून फोन करतात.

पायरी 5 : खर्चवही

आता पैसा. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात 40 लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख रुपयांची मर्यादा आहे, जानेवारी 2022 मध्ये ठरलेली. अर्ज दाखल केल्यापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा हिशेब ठेवायचा (1951 च्या कायद्याचं कलम 77) आणि निकालापासून 30 दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यायचा (कलम 78). योग्य कारणाशिवाय न देणाऱ्याला, किंवा चुकीच्या पद्धतीने देणाऱ्याला, आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

तुमचं काम दोन टप्प्यांत आहे. प्रचाराच्या काळात डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं आणि निकालानंतर उमेदवाराने लिहिलेलं वाचायचं.

आचारसंहिता लागली की सगळ्यात आधी जिल्ह्याची दरसूची मिळवा. खुर्ची, मंडप, ध्वनिक्षेपक, फेटा, चहा, वडापाव, जेवणाचं ताट, गाडीचं दिवसाचं भाडं, प्रत्येकाचा दर तिच्यात ठरलेला असतो. उमेदवाराने कितीही कमी बिल आणलं तरी खर्च निरीक्षकाचे लोक त्या दराने पडताळतात. दरसूची हातात असली की सभेकडे पाहायची तुमची नजरच बदलते.

वहीत रकाने पाडा : तारीख, वेळ, जागा, मंचावर कोण कोण, वस्तू, संख्या, आणि 'कशावरून'. शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. समजा, सहाची कोपरा सभा आहे. तुम्ही साडेचारला जा, मंडपवाले खुर्च्या लावत असतात तेव्हा. रांगा मोजा, एका रांगेतल्या खुर्च्या मोजा, गुणाकार करा. गर्दी झाल्यावर खुर्च्या मोजता येत नाहीत, तेव्हा लोक अंदाज ठोकतात आणि तो अंदाज कार्यालयात टिकत नाही. मंडपाची लांबी पावलांनी मोजता येते. गाड्यांच्या पुढच्या काचेवर परवाना चिकटवलेला हवा. ज्यांच्यावर नाही त्यांचे क्रमांक लिहा. जेसीबीतून फुलं उधळली तर दोन नोंदी करायच्या, एक जेसीबीची आणि एक फुलांची. दुसरी बहुतेक सगळे विसरतात.

मंचावर कोण हा रकाना का ठेवलाय? स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या हिशेबात धरत नाहीत. मान्यताप्राप्त पक्षाला असे चाळीसपर्यंत प्रचारक नेमता येतात. पण मोठ्या नेत्याच्या सभेत उमेदवार मंचावर बसला, किंवा त्याचं नाव, छायाचित्र फलकावर आलं, की सभेच्या खर्चातला वाटा त्याच्या खात्यात पडतो. म्हणून मंचाचा एक लांबून काढलेला स्पष्ट फोटो पन्नास खुर्च्यांच्या फोटोंपेक्षा मोलाचा.

जोडीने जा. कुणी हटकलं तर वाद घालू नका, निघून या. रात्रीच्या 'लक्ष्मीदर्शना'च्या वाटेला तर मुळीच जाऊ नका. पाकिटं वाटणाऱ्यांना रंगेहाथ पकडण्याचं काम भरारी पथकाचं आहे. सुरक्षित अंतरावरून आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या मोबाइल अॅपवर फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ पाठवता येतो, नाव न सांगताही. जुना, गॅलरीतला व्हिडिओ त्यावर चढत नाही, जागच्या जागीच काढावा लागतो. शंभर मिनिटांत कारवाई अपेक्षित असते. तो व्हिडिओ आधी व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. आणि पैसे घेणाऱ्या मावशीचा चेहरा टिपू नका. कायद्याने घेणाराही दोषी ठरतो. तिला पोलिसात नेऊन तुमची सुधारणा एक इंचही पुढे सरकत नाही. ती वस्ती मात्र तुम्हाला कायमची बंद होते.

निकाल लागला, गुलाल धुतला गेला, की खरं काम. इथे निवडणूक संचालन नियम 1961 मधला नियम 88 कामाला येतो. उमेदवाराने दाखल केलेला हिशेब कुणालाही एक रुपया शुल्क भरून पाहता येतो आणि ठरलेलं शुल्क देऊन साक्षांकित प्रत घेता येते. माहिती अधिकाराचा अर्ज नको, तीस दिवस थांबणं नको.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी विचारलं, "एक रुपया कुठल्या लेखाशीर्षाखाली घेऊ?" ते काही आम्हाला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. नियमाची प्रत काकांनी खिशातून काढली. ती वरच्या साहेबांकडे गेली, तिथून आणखी कुणाकडे गेली. आम्ही बाकावर बसून डबा खाल्ला. चारच्या सुमाराला एक रुपयाची पावती मिळाली आणि साडेचारला गठ्ठा समोर आला. कार्यालय त्या वेळी पावणेसहाला बंद व्हायचं, म्हणून पहिल्या दिवशी जेमतेम एक उमेदवार झाला. ती पावती आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर आहे आणि दुसऱ्या उमेदवाराच्या वेळी तीच दाखवून काम झालं.

वही तीन रंगांची असते. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. आधी पांढरी पानं तुमच्या वहीशी तारखेवार जुळवा. ज्या दिवशी तुम्ही सभा पाहिलीत त्या दिवशी पान कोरं आहे का? मग गुलाबी पानं. एका माणसाला वा दुकानाला दहा हजारांवर रोख देता येत नाही. एकाच मंडपवाल्याला नऊ-नऊ हजारांच्या तीन पावत्या दिसल्या तर खूण करा. मग व्हाउचर : अनुक्रमांक सलग आहेत का, एकाच हस्ताक्षरात पाच वेगवेगळ्या दुकानांची बिलं आहेत का. निरीक्षकांच्या पथकाची स्वतःची छाया नोंदवहीही असते, म्हणजे त्यांनी स्वतः पाहिलेल्या खर्चाची नोंद. तिची प्रतही मागा.

फरक सापडला तर तक्रार एका पानाची, जोडपत्रं हवी तितकी. 'भ्रष्टाचार', 'लोकशाहीचा खून' असे शब्द तक्रारीत घालू नका. निवडणूक याचिका करायचा विचार असेल तर निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात जावं लागतं. ती मतदारालाही करता येते, पण ते काम वकिलाचं आणि खर्चाचं आहे.

यातून काही होतं का? क्वचित होतं. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदाराला 2011 मध्ये आयोगाने अपात्र ठरवलं, कारण बातमीच्या रूपात छापून आणलेल्या जाहिरातीचा खर्च हिशेबात नव्हता. आपल्याकडे भोकरच्या 2009 च्या निवडणुकीवरून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये स्पष्ट केलं की हिशेब वेळेत आला एवढं पाहून आयोगाने थांबायचं नाही, तो खरा आहे का हेही तपासता येतं. त्या प्रकरणातला आयोगाचा पुढचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला, हेही सांगायला हवं. पण तत्त्व उरलं, आणि तुमच्या तक्रारीत त्याचा उल्लेख करता येतो.

पायरी 6 : मागणी

दोन-तीन निवडणुकांच्या वह्या जमल्या की काय बदलायला हवं ते तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. मग एकच प्रश्न उरतो : हे बदलणं कुणाच्या हातात आहे? चुकीच्या दारावर नेलेली मागणी वर्षं खाते.

'उमेदवारांचे हिशेब व्हाउचरसह संकेतस्थळावर टाका' ही मागणी आयोगाच्या एका परिपत्रकाने पूर्ण होऊ शकते. संचालन नियमांतला बदल केंद्र सरकार आयोगाशी सल्लामसलत करून करतं. डिसेंबर 2024 मध्ये नियम 93 बदलून जनतेला पाहता येणारी कागदपत्रं मर्यादित केली गेली, ती याच वाटेने. पंचायत आणि पालिकांच्या निवडणुकांचे कायदे राज्याचे आहेत, म्हणजे तिथे तुमचे आमदार खरोखर काही करू शकतात. लोक मात्र आमदारांकडे जाऊन लोकसभेचा खर्च कमी करा म्हणतात.

पक्षाच्या खर्चाला मर्यादा हा संसदेचा विषय. आज उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला नाही. पक्षाने विधानसभेनंतर 75 आणि लोकसभेनंतर 90 दिवसांत विवरण द्यायचं, एवढंच. हे छिद्र बुजण्याची संधी एकदा आली होती. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात म्हटलं की उमेदवाराच्या संमतीने पक्षाने केलेला खर्च त्याच्याच खात्यात धरावा. काही आठवड्यांतच वटहुकूम निघाला आणि कलम 77 ला स्पष्टीकरण जोडून तो निकाल निष्प्रभ केला गेला. 2003 मध्ये ती वाट थोडी अरुंद केली, बंद केली नाही.

न्यायालयाची वाट लांबची. उमेदवाराने गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करावं यासाठी अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतल्या प्राध्यापकांनी 1999 मध्ये असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या नावाने याचिका केली. निकाल 2002 मध्ये आला, संसदेने तो बोथट करायचा प्रयत्न केला, न्यायालयाने 2003 मध्ये तो हाणून पाडला. आज अर्जासोबत दिसणारं नमुना 26 चं प्रतिज्ञापत्र तिथून आलं. पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्याची निवडणूक रोख्यांची योजना 2017 मध्ये जाहीर झाली आणि 15 फेब्रुवारी 2024 ला घटनाबाह्य ठरली. मधल्या काळात निवडणुका होऊन गेल्या. अशा याचिकेत तालुक्याच्या गटाचा उपयोग पुराव्यापुरता असतो. पण तो असतो.

म्हणून निवेदन एका पानाचं, मागणी एक, आणि मागे जोडलेल्या तुमच्या वहीच्या पानांच्या प्रती. शिष्टमंडळ घेऊन गेलात तर आधी आवक शाखेत जा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, मग साहेबांसोबत काय ते फोटो काढा. उलटा क्रम केलेल्या एका निवेदनाचं आमच्याकडे फक्त छायाचित्र आहे, निवेदन कार्यालयात सापडत नाही. तीस दिवसांनी स्मरणपत्र. त्यालाही उत्तर नाही आलं तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज : आवक क्रमांक अमुक या निवेदनावर आजवर कोणती कार्यवाही झाली, टिप्पणीसह प्रत द्या. महाराष्ट्रात हा अर्ज एका विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, पण एवढ्या प्रश्नाला पंचवीस पुरतात.